वाइंडिंगच्या टेबलावरची तलवार

हे प्रकरण कशाचं

जिल्हा स्पर्धेच्या मंडपात दरवर्षी कुणीतरी बाप बाजूला घेऊन विचारतोच, "सर, यात पुढे काय?" मी कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक होतो तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असे: "सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, काळजी करू नका." हे प्रकरण त्या उत्तराचं आहे.

खेळाडू मुलगी, आज तिशीला टेकलेली, खान्देशातल्या तालुक्याच्या गावची. नाव, गाव देत नाही. जिल्हाही सांगत नाही, कारण आमच्याकडे तलवारबाजी खेळलेल्या मुली इतक्या थोड्या की तेवढ्यावरूनही कोण ते कळेल. तिच्या हाताखालची पोरं तिला ताई म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. तिची घडण मी जवळून पाहिली. काही निर्णयांत माझा सल्ला होता. त्यातला एक चुकला, तो पुढे येईल.

पार्श्वभूमी

वडलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. केळी-कापसाच्या पट्ट्यात विहिरीवरच्या आणि बोअरमधल्या मोटारी जळायला मुहूर्त लागत नाही. व्होल्टेज पडलं की गेली. फेब्रुवारी ते मे दुकानासमोर सबमर्सिबलची रांग असते. ताई पाचवी-सहावीत असल्यापासून दुकानात बसायची, जळकी कॉइल सोडवून वेढे मोजायची, मल्टिमीटर लावून तार तुटली की नाही ते बघायची. या गोष्टीला तेव्हा कुणी काही नाव दिलं नाही. पोरगी बापाला हातभार लावते, एवढंच.

२००८ साली ती सातवीत असताना शाळेतले सर प्रशिक्षणाला जाऊन आले आणि येताना सहा फॉइल, म्हणजे खेळातल्या हलक्या तलवारी, घेऊन आले. सरावाला पत्र्याचं शेड. गावात तलवारबाजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शिवजयंतीची मिरवणूक आणि दांडपट्टा. पांढरा पोशाख आणि जाळीचा मास्क घातलेल्या पोरी पाहून लोक शेडच्या खिडकीत गर्दी करत. तिच्या आजोबांनी एकच प्रश्न विचारला होता, "तलवार फिराईसन पोट भरस का?"

पुढची वर्षं भराभर सांगतो, कारण ती इतर खेळाडूंसारखीच गेली. शालेय स्पर्धा, जिल्हा, नाशिक विभाग, राज्य. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण. राष्ट्रीय स्पर्धेत राज्याच्या संघातून एक कांस्य. २०१४ नंतर आमच्या कॉलेजात, विद्यापीठाच्या संघात.

पहिला निर्णय: हत्यार बदलणं

२०११ साली पंधराव्या वर्षी तिने फॉइल सोडून इपी ही दुसऱ्या प्रकारची तलवार धरली. वरवर ही खेळातली बाब वाटते. मुळात ती पैशाची होती.

फॉइलमध्ये फक्त धड हे लक्ष्य, म्हणून धडावर धातूच्या धाग्याचं लामे जॅकेट घालावं लागतं. त्यावर टोक टेकलं तर गुणयंत्राचा रंगीत दिवा, दुसरीकडे टेकलं तर पांढरा. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला जातो. शेडमध्ये आत प्लॅस्ट्रॉन म्हणजे काख-छाती झाकणारा जाड अस्तराचा तुकडा, त्यावर जाड जॅकेट, त्यावर लामे. घामातलं मीठ धातूच्या धाग्याला खातं. वर्षभरात काखेत, पाठीवर जागा मरतात, तिथे टच लागूनही रंगीत दिवा लागत नाही आणि जॅकेट तपासणीत नापास होतं. थंड हवेच्या गावी दोन-तीन सीझन पुरणारं लामे आमच्या शेडमध्ये एका उन्हाळ्यात संपायचं.

इपीला लामे लागत नाही. डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत सगळं अंग लक्ष्य. हल्ल्याचा हक्क कुणाचा ही पंचाने ठरवायची भानगड नाही. दोघांचे टच सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या आत लागले तर गुण दोघांनाही. तलवार मात्र जड: फॉइल ५०० ग्रॅमच्या आत, इपी ७७० पर्यंत. ताई उंच, शांत, घाई न करणारी. तिला इपी मानवली. पण ती मानवेल हे आम्हाला आधी माहीत होतं असं म्हणणं खोटं ठरेल. लामे परवडत नव्हतं, हे खरं कारण.

भुसावळच्या फलाटावरचा स्क्रू

राष्ट्रीय स्पर्धेच्या वैयक्तिक बाद फेरीत ती एका बलाढ्य संघाच्या मुलीशी अकरा-अकरावर होती. सामना पंधराचा. पाय पुढे टाकून लंज मारला आणि पातं तडकन मोडलं. नियमाप्रमाणे खेळाडूकडे दुसरी चालू तलवार हवी. तिच्याकडे होती. पंचाने ती उभी धरून टोकावर ७५० ग्रॅमचं वजन ठेवलं. टोकातल्या स्प्रिंगने हे वजन तोलायचं असतं, दिवा लागता कामा नये. दिवा लागला. पिवळं कार्ड. मग दुसऱ्या जिल्ह्याच्या मुलीची तलवार उसनी घेतली. हिला सवय बोटांच्या खाचा असलेल्या पिस्तूल मुठीची, ती होती सरळ फ्रेंच मुठीची. १२-१५ ने हरली.

परतीच्या वाटेवर भुसावळला गाडी बदलायची होती. तलवारींची लांब पिशवी बघून पोलिसांनी हटकलं. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं पत्र दाखवून सुटलो. पुढची गाडी उशिरा होती. ताईने फलाटावरच मांडीवर रुमाल पसरला, वडलांचा बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि ती नापास झालेली तलवार उघडली. इपीच्या टोकाला दोन स्क्रू असतात, मोहरीपेक्षा थोडे मोठे. एक घरंगळला. आम्ही तिघं मोबाईलच्या उजेडात फरशीवर हात फिरवत बसलो आणि चहावाला आम्हाला वेड्यात काढत गेला. स्क्रू सापडला. स्प्रिंग बाहेर आली, दबून दबून आखूड झालेली.

"सर, ही आधी तपासली असती तर?" एवढंच ती म्हणाली.

त्या दिवसापासून संघातल्या सगळ्यांच्या तलवारी स्पर्धेआधी तीच बघू लागली. मी हे पाहत होतो आणि मला ते किरकोळ वाटत होतं. मी पदक मोजत होतो.

अडचण

२०१६ च्या हिवाळ्यात सरावात पुढच्या पायाचा गुडघा वळला. लिगामेंट फाटलं, शस्त्रक्रिया झाली. फिजिओथेरपिस्टने नऊ महिने सांगितले. इथे माझा चुकलेला सल्ला. मी म्हणालो, "एक सीझन खेळून घे. विद्यापीठाचं आणखी एक प्रमाणपत्र आलं की पाच टक्क्यांत बाजू भक्कम होईल." ती सहाव्या महिन्यात पिस्टवर, म्हणजे खेळायच्या पट्टीवर, उतरली. गुडघा पुन्हा सुजला, आणि त्यानंतर वरच्या पातळीवर ती कधी खेळली नाही.

मग तिने बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, केली. २०१९ पर्यंत हातात पदवी, प्रमाणपत्रं आणि एक कुरकुरणारा गुडघा. पोलीस भरतीची जाहिरात आली. खेळाडू कोट्यातून अर्ज करायचा तर प्रमाणपत्राची विभागीय उपसंचालकांकडून पडताळणी लागते, आमच्यासाठी म्हणजे नाशिकहून. तिथे संघाच्या कांस्यपदकाचं प्रमाणपत्र अडकलं. त्यावर वडलांचं नाव नव्हतं, आडनावाचं स्पेलिंग मार्कशीटपेक्षा वेगळं होतं. शिवाय तलवारबाजीच्या संघात चौघी असतात, लढतात तिघी. चौथी राखीव. ताई त्या स्पर्धेत राखीव होती आणि दोन लढतींत बदली म्हणून उतरली होती. ती प्रत्यक्ष खेळली याचा पुरावा म्हणजे निकालपत्रक. त्याची प्रत संघव्यवस्थापकाने ठेवली नव्हती, मी ठेवली नव्हती, तिनेही नाही. कागद मागणाऱ्याचं काही चुकलं नाही. चूक आमच्या बाजूची.

घरात तोवर स्थळं यायला लागली होती. दोन ठिकाणी मुलाकडच्यांनी कपाटावरची तलवार पाहून विषयच बदलला. आई ती तलवार पाहुणे यायच्या आधी पलंगाखाली सरकवू लागली.

समोरचे रस्ते

एका रविवारी आम्ही कॉलेजच्या ऑफिसात बसून कागदावर पर्याय लिहिले. तो कागद तिने जपून ठेवलाय, म्हणून नेमका सांगता येतो.

पहिला, दुरुस्त प्रमाणपत्राची वाट बघत पोलीस भरती. पोटाची सोय कायमची, पण महिलांना ८०० मीटर धाव, आणि गुडघा. दुसरा, शाळेत क्रीडाशिक्षक. कायम जागा निघत नव्हत्या, तासिकेवर किंवा कंत्राटावर काम मिळे आणि दिवाळी-उन्हाळ्यात पगार नसे. तिसरा, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत (एनआयएस) तलवारबाजीच्या प्रशिक्षकाचा एक वर्षाचा डिप्लोमा. घराबाहेर वर्ष, खर्च, आणि परत आल्यावर खान्देशात प्रशिक्षकाला पगार देणारं कोण? चौथा आईचा होता, लग्न. ताईने तो स्वतःच्या हाताने चौथ्या क्रमांकावर लिहिला आणि पुढे काहीच लिहिलं नाही.

पाचवाही एक पर्याय आला, तो कागदावर नाही. एका मध्यस्थाने निरोप धाडला की तारीख, नाव, सगळं नीट असलेलं नवं प्रमाणपत्र छापून मिळेल. त्या सुमारास बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात बाहेर येऊ लागली होती. पण ती घाबरून नाही म्हणाली असं मला वाटत नाही. तिचं म्हणणं साधं होतं: "खेळले मीच. आणि कागद खोटा दाखवू?" वडील गप्प राहिले. नंतर त्यांनी मला एकट्यात विचारलं, "सर, सगळेच करतात म्हणतात. आपण येडे तर नाही ना?" मला त्यांना ठणकावून उत्तर देता आलं नाही, हेही इथे नोंदवतो.

पुढे जो तिचा धंदा झाला, तो त्या कागदावर कुठेच नव्हता.

प्रत्यक्षात काय घडलं

तिने पोलीस भरतीचा अर्ज महिला गटातून, खेळाडू कोट्याशिवाय भरला आणि एका शाळेत तासिकेवर लागली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली, तासिका थांबल्या. भरती लांबत गेली. लेखी परीक्षा व्हायला २०२१ उजाडलं, आणि ताई मागे पडली ती धावण्यात. दुरुस्त प्रमाणपत्र मागणीनंतर चौदा महिन्यांनी आलं, तोवर अर्जाची मुदत कधीच सरली होती.

टाळेबंदीत वडलांकडचा कारागीर गावी निघून गेला. शेतीची कामं मात्र चालू, मोटारी जळतच होत्या. ताई टेबलाशी बसली. पगार नाही, पण काम होतं.

२६ जुलै २०२१ ला टोकियोत भवानी देवी पिस्टवर उतरल्या, ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी खेळणाऱ्या पहिल्या भारतीय. पहिला सामना १५-३ असा जिंकला, दुसऱ्यात फ्रान्सच्या मानोन ब्रुनेकडून ७-१५ ने हरल्या. चेन्नईच्या शाळेत बाकी खेळांच्या जागा भरल्या होत्या, तलवारबाजी तेवढी उरली होती आणि सुरुवातीला बांबूच्या काठ्यांनी सराव केला, हे त्यांनीच सांगितलेलं मोबाईलवर फिरत होतं. आठवडाभरात ताईच्या दुकानात चार पालक आले. मोटार घेऊन नाही, पोरं घेऊन.

जुन्या शाळेच्या सरांनी शेड उघडून दिलं आणि कपाटही. दीड वर्ष बंद पडलेल्या चौदा इलेक्ट्रिक तलवारी: पाती गंजलेली, सॉकेटवर हिरवट थर, तारा तुटलेल्या. नव्या घ्यायला शाळेकडे पैसे नव्हते. ताई त्या पोत्यात घालून दुकानात घेऊन आली.

हे काम मी तासभर बसून पाहिलंय. इपीच्या पात्याला लांबीभर खाच असते आणि तिच्यात दोन बारीक तारा टोकापर्यंत जातात. टोक दाबलं की त्या जुळतात, मंडल पूर्ण होतं आणि दिवा लागतो. जुनी तार आणि वाळलेला डिंक ॲसिटोनने सोडवायचा. खाच स्वच्छ करायची. मग पातं धनुष्यासारखं वाकवून बांधायचं आणि तशा वाकलेल्या पात्यात तार चिकटवायची. सरळ पात्यात चिकटवली तर पहिल्याच जोरदार टचला पातं वाकतं, तार ताणली जाते आणि तुटते. चैत्रात हवा कोरडी असली की फेविक्विक धरायला वेळ लावतं, पावसाळ्यात बोट काढायच्या आत चिकटतं. वडील शेजारी बसून इनॅमलवर नखाचा ओरखडा कुठे गेलाय ते भिंगाने बघत होते. मोटारीच्या तारेचं हे दुखणं त्यांनी जन्मभर पाहिलेलं. शेवटी मल्टिमीटर: पूर्ण तलवारीचा रोध दोन ओहमच्या आत हवा. टोकावर ७५० ग्रॅमचं वजन. हे वजन तिने बाजारातून आणलं नव्हतं, जुन्या बेअरिंगचे तुकडे सोनाराच्या काट्यावर तोलून केलं होतं.

चौदापैकी अकरा चालू झाल्या. बिल फाडलं ते दुकानाच्याच पुस्तकातून. "मोटार एच.पी." या छापील रकान्यात तिने लिहिलं: तलवार वायरिंग, नग ११.

इथून पुढचे निर्णय छोटे होते, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे. नंदुरबार, नाशिक, संभाजीनगरहून पार्सलं येऊ लागली. पहिल्या वर्षी तिने दर इतका कमी लावला की तारेचा आणि टोकाच्या सामानाचा खर्चही निघेना. वडील म्हणाले, "बेटा, मोटारीला आपण तांब्याचे वेगळे आणि मजुरीचे वेगळे लावतो. तू मजुरी लावलीच नाहीस." तेव्हापासून दोन ओळींचं बिल. दुसरं, प्रत्येक तलवारीला कागदाची चिठ्ठी: आली तेव्हा किती ओहम, गेली तेव्हा किती. चिठ्ठीची एक प्रत फाईलला. प्रमाणपत्रात पोळलेला माणूस कागदाचं महत्त्व असं शिकतो.

तिसरा निर्णय अवघड. स्पर्धेत हत्यार तपासणीच्या टेबलावर बसायला तिला बोलावणं आलं. पण तिथे तिचीच पोरं खेळणार. माझं मत होतं, दोन्ही कर, छोट्या ठिकाणी असं चालतंच. तिने आयोजकांना सांगून स्वतःच्या पोरांचं सामान दुसऱ्याकडून तपासून घेतलं. त्यात तिने स्वतः जोडलेली एक बॉडी वायर, म्हणजे पोशाखाच्या आतून तलवारीला यंत्राशी जोडणारी तार, नापास झाली. पोरीचं तोंड रडवेलं झालं. ताई बाजूच्या टेबलावरून उठली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्यापुरतं स्पष्ट आहे. गुडघ्याच्या बाबतीत मी फिजिओथेरपिस्टच्या वर बोलायला नको होतं. आणि २०१७ साली, खेळ थांबला त्याच वर्षी, पतियाळाचा डिप्लोमा करायला सांगायला हवं होतं. तेव्हा घरची तयारी होती. दोन वर्षांनी कागदावर तो तिसरा झाला आणि आज दुकान, शेड, पोरं सोडून वर्षभर जाणं तिला जमत नाही. डिप्लोमा नसल्याने प्रशिक्षकाच्या सरकारी जागेला ती अर्ज करू शकलेली नाही.

प्रमाणपत्रांचं तर फुकटचं नुकसान. आता मी प्रत्येक पालकाला सांगतो: स्पर्धा संपली की मैदान सोडण्याआधी नाव, वडलांचं नाव, जन्मतारीख मार्कशीटशी ताडून बघा, निकालपत्रकाचा फोटो काढा, संघाची स्पर्धा असेल तर पोरगी कुठल्या लढतीत उतरली ते लिहून सही घ्या. पदक गळ्यात असताना हे मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. पाच वर्षांनी मागितलं तर तो माणूसच त्या जागेवर नसतो.

एका बाबतीत आमचं जमत नाही. बारावीनंतर तिने संभाजीनगरला जाऊन तिथल्या मोठ्या केंद्रात सराव करायला हवा होता, असं मला वाटतं. कन्नडचा घाट ओलांडला की तिला रोज तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळाले असते. ताईला ते पटत नाही. ती म्हणते, "तिथे तलवार बिघडली की देऊन टाकायची आणि दुसरी घ्यायची. मला उघडायची गरजच पडली नसती." यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण खेळाडू म्हणून ती कुठवर गेली असती हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्या गेला असावा.

आजची स्थिती

कमाईचे पाच वाटे केले तर तीन मोटारींचे, एक तलवारींचा, एक शिकवणीचा, असा तिचाच हिशेब. उन्हाळ्यात तलवारी मागे पडतात, कारण शेतकऱ्याचं पाणी थांबून चालत नाही. शेडमध्ये सकाळी साडेपाचला बावीस पोरं येतात, त्यात सात मुली. पुढच्या एप्रिलला लग्न आहे. मुलाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि कपाटावरची तलवार पाहून त्याने विषय बदलला नाही, हातात घेऊन बघू का, असं विचारलं. खेळाडू कोट्याची वयोमर्यादा अजून ओलांडलेली नाही. दुरुस्त प्रमाणपत्र लॅमिनेट करून ठेवलंय. जाहिरात आली की अर्ज करायचा की नाही, यावर घरात एकमत नाही.

दुकानाची पाटी बदलायचं मात्र दिवाळीपासून चाललंय. ताईला "तलवार दुरुस्ती करून मिळेल" असं मोठ्या अक्षरात हवंय. वडील म्हणतात, असं लिहिलं तर गिऱ्हाईक येण्याआधी पोलीस येतील. पेंटरने दोन वेळा येऊन चहा पिऊन परत जाणं पत्करलंय. सध्या पाटीवर "मोटार वाइंडिंग" आहे आणि त्याखाली हातभर जागा कोरी सोडलेली आहे.